कोळशाचा हॉपर डबा खरा कसा दिसेल? (रेल्वेचं मॉडेल, एचओ म्हणजे खऱ्याच्या १:८७ मापाचं) कापूस घरात यायच्या आत सहा डबे करायचेत

राजूर_फाटक (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी, पहिलाच धागा आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. मी वणी तालुक्यातला, घरापासून रेल्वे फाटक अर्धा किलोमीटर, लहानपणापासून कोळशाचे रेक मोजत मोठा झालो, ५८ डबे होते की ५९ यावरून भावासोबत मारामाऱ्यासुद्धा झाल्या आहेत. माझं लेआउट (मॉडेलचे रूळ मांडायची जागा) म्हणजे काय, तर आमची कापसाची खोली. फरतड (हंगामाच्या शेवटचा कापूस) विकली की खोली मोकळी होते, मग दोन प्लायवूड टाकून रूळ मांडतो आन दिवाळीच्या आगंमागं नवीन कापूस आला की सगळं भिंतीला उभं. म्हणजे वेळ तेवढाच आहे.
नागपूरच्या एका शौकीन माणसाकडून सहा अमेरिकन थ्री-बे (खाली तीन कप्प्यांचे) हॉपर सेकंडहँड घेतले. चालतात बरे, पण दिसतात साबणदाणीसारखे. एकावर तपकिरी रंग मारून पाहिला तर गेरू लावलेल्या कुंडीसारखा झाला. फाटकावर जो डबा रोज पाहतो त्यात आन यात काहीच मेळ नाही. सुरुवात कुठून करू? आन यातूनच आपल्याकडचा डबा बनवता येते का?

पुलगाव_नॅरोगेज
भाऊ आधी एक गोष्ट साफ करून घेऊ, कारण इथं अर्धे लोक गडबडतात. फाटकावरून जाते ते सगळं हॉपर नसते. बॉक्सएन म्हणजे सपाट तळाची उघडी पेटी, ती टिपलर नावाच्या यंत्रात धरून अख्खी पालथी करतात. खरा हॉपर म्हणजे बीओबीआरएन, तळ उतरता, खाली दरवाजे, ते दाबाच्या हवेने उघडतात आणि औष्णिक केंद्रात ट्रॅक हॉपरवर, म्हणजे रुळाखालच्या खड्ड्यावर, आला की कोळसा सरळ रुळाखाली. नावातच सगळं आहे, बी म्हणजे बोगी (खालचा चाकांचा सांगाडा), ओ उघडा, पुन्हा बी म्हणजे बुडातून खाली होणारा, आर म्हणजे रॅपिड, एन म्हणजे एअर ब्रेकवाला.
आता तुमचा दुसरा प्रश्न. अमेरिकनचा आपला करायच्या फंदात पडू नका. बॉक्सएन कपलर ते कपलर १०७१३ मिमी आहे, एचओमध्ये १२३ मिमी झाली, बीओबीआरएन पण साधारण त्याच अंगाची. तुमचा डबा मोजून पहा, दीडशेच्या वर भरेल. चाक आपलं नवीन असताना १००० मिमी, म्हणजे साडेअकरा मिमी पाहिजे, अमेरिकन १०० टनी डब्याचं ३६ इंची म्हणजे साडेदहा. आणि सगळ्यात मोठं, एचओचा रूळ १६.५ मिमी, तो स्टँडर्ड गेजचा. आपला १६७६ मिमीचा ब्रॉडगेज ८७ ने भागला तर सव्वाएकोणीस येतो. आपला डबा त्या रुळावर ठेवला की लुंगी नेसलेल्या पहिलवानासारखा दिसतो, वर छाती रुंद आणि खाली पाय जवळ जवळ. अमेरिकन डबा त्या रुळावर एकदम बरोबर बसतो, तर त्याला अमेरिकनच राहू द्या की.

शकुंतलाप्रेमी
मूर्तिजापूरवाल्याचं ऐका, हे सगळं सोडा आन ७६२ मिमीची नॅरोगेज करा. ८७ ने भागून पावणेनऊ, ९ मिमीचा रूळ आयताच मिळतो. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, शकुंतला! डबे दोन-चार, डिटेलिंगचा त्रास नाही 😄

पुलगाव_नॅरोगेज
@शकुंतलाप्रेमी दर धाग्यावर शकुंतला आणता बे तुम्ही. (पुलगाव-आर्वी पण होती, तिचं नाव कोणी काढत नाही.)

मूळगाव_वरुड
सध्या पुण्यात आहे पण मूळ संत्र्याचा माणूस. राजूरभाऊ, तुमचा डबा साबणदाणी का दिसतो ते सांगतो, रंगाचा त्यात दोष कमी आहे. वरची कड पहा. प्लास्टिकची भिंत एक मिमी जाड असली तरी खऱ्यात ती ८७ मिमी झाली, म्हणजे जवळपास विटेच्या भिंतीएवढी. खरा पत्रा असतो काही मिमीचा. भरलेल्या डब्यात हे झाकून जातं, रिकाम्या हॉपरमध्ये नजर पहिली तिथंच जाते. उपाय सोपा आहे, आतल्या बाजूने कड तिरपी घासायची, आधी बारीक कानस मग ४०० चा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून. बाहेरून हात लावायचा नाही. वरून पाहिलं तर कड पातळ दिसते आणि आतमध्ये भिंत जाड आहे हे कोणाला कळत नाही. एका डब्याला अर्धा तास, पण सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो असं माझं मत.
दुसरं, हँडल आणि शिड्या. जुन्या डब्यांवर त्या भिंतीलाच चिकटून ओतलेल्या असतात, मागून उजेड दिसत नाही. चपट्या ब्लेडने हळूहळू तासून काढा, जागेवर पेन्सिलने खुणा करा, ०.३५ च्या ड्रिल बिटने हातानेच भोक पाडा आणि तारेचं हँडल बसवा. खऱ्याचा गज २० मिमी धरला तरी ०.२३ मिमी येतो, त्यामुळे ०.३ च्या फार वरची तार घेऊ नका, नाहीतर नळाच्या पाइपसारखी दिसते.

राजूर_फाटक
बाप्पा, एवढं! मले वाटलं रंग सांगाल अन् झालं. बरं ते ०.३ ची तार इकडं कुठं मिळन? ऑनलाइन फॉस्फर ब्राँझ पाहिली, चार वीत तारेचे पैसे पाहून पाणी पिलं.

मूळगाव_वरुड
तुमच्या गावात शेतीचे पंप रिवाइंड करणारा आहे ना? त्याच्याकडून ३० नंबरची वाइंडिंग वायर मागा, एसडब्ल्यूजी ३० म्हणजे ०.३१५ मिमी. जळालेल्या मोटरीची पण चालते. फक्त दोन गोष्टी, तांब्याची तार वाकडी येते तर एक टोक पक्कडीत धरून झटका न देता ताणायची, किंचित लांबली की काडीसारखी सरळ होते. आणि वरचं इनॅमल खरवडायचं, नाहीतर रंग धरत नाही. तांबं नरम आहे, डबा हातात घेताना हँडल दबतं, हे मान्य. फॉस्फर ब्राँझ ताठ राहते. पण सहा डब्यांचा खर्च शून्य.

वरोऱ्याची_ताई
मी झेडपीच्या शाळेत चित्रकला शिकवते, रेल्वेचं तांत्रिक मला फार कळत नाही, पण रंगाबद्दल बोलते. राजूरभाऊ तुम्ही फोटो टाकला त्यात तुम्ही सगळीकडे सारखा गंज लावलाय. गंज असा कधी नसतो हो. आमच्या वरोऱ्याला स्टेशनवर उभं राहून मी मुलांकडून डब्यांची चित्रं काढून घेते, तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारते, की हा डाग इथंच का आहे? पाणी कुठून ओघळलं, माणसाचा हात कुठं लागला, कोळसा कुठून सांडला. बाहेरच्या उभ्या पट्ट्या असतात ना, त्यांच्या खालच्या सांध्यात धूळ साचते, तिथं काळं. शिडीच्या पायऱ्यांवर बूट घासतात, तिथं रंग उडालेला. कडेवरून कोळसा ओसंडतो, तिथून खाली काळपट झाक, वर गडद खाली विरळ. आणि चाकाजवळ काळं नाही, मातकट, ब्रेकच्या भुकटीचं आणि वाटेतल्या धुळीचं.
आतून तर पूर्ण वेगळं. रिकाम्या हॉपरच्या उतरत्या पत्र्यावर कोळसा दर फेरीला घसरतो, म्हणून तिथं पत्रा घासून गुळगुळीत, स्टीलची करडी चकाकी, आणि कोपऱ्यात जिथं कोळसा अडकतो तिथं काळा आणि नारिंगी गंज. तुम्ही आत सपाट काळा मारलाय. तो काढा.
पोस्टर कलर वापरा. वरून पातळ वॉश द्या, नाही आवडलं तर ओल्या फडक्याने पुसा, पोरांना शिकवायला आणि मोठ्यांना शिकायला सगळ्यात बरा रंग. सुकल्यावर मॅट वार्निशचा हलका फवारा. त्यावर कोरडी भुकटी, सॉफ्ट पेस्टलची कांडी पॉलिश पेपरवर घासली की मिळते. विटकरीचं बारीक चाळलेलं पीठ पण मी वापरते, लाल मातीपेक्षा रंग पक्का आहे त्याचा. भुकटीनंतर पुन्हा वार्निश मारलं की अर्धी गायब होते, तेव्हा आधी जरा जास्तच लावा.

राजूर_फाटक
ताई तुम्ही बोलल्या अन् मी आज सकाळीच फाटकावर जाऊन अर्धा तास उभा राहिलो. खरंच आहे! एकाच रेकमधले दोन डबे सारखे नाहीत. एकाचं पोट बाहेर फुगलेलं, एकाची वरची कड आतमध्ये दाबलेली, एक स्टेनलेसवाला करडा, त्याला गंजच नाही, नुसती काळी धूळ. इतके वर्ष मोजत राह्यलो, पाहिलं नाही कधी.

पुलगाव_नॅरोगेज
ते पोट फुगते लोडिंगच्या वेळी बकेट आपटते आणि आतून भार ढकलते म्हणून. कड दबते ती बॉक्सएनची, टिपलरचे क्लॅम्प वरून धरतात. मॉडेलवर फुगवटा करायचा तर एकाच डब्यावर करा, पातळ प्लास्टिक असेल तर आतून गरम चमच्याची पाठ हळूच टेकवून. माझा एक डबा यात वितळून गेला आहे, सांगून ठेवतो.
आणि कृपा करून फोटोसाठी साइडिंगच्या आत जाऊ नका. फाटकावरून, पुलावरून काढा, झूम आहे ना मोबाइलला.

मूळगाव_वरुड
आता वजनाचं. रिकामा हॉपर हा सगळ्यात अवघड डबा असतो कारण वजन लपवायला जागाच नसते, बंद डब्यात कुठंही टाकता येतं. अमेरिकेतल्या एनएमआरएचा, म्हणजे मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेचा, हिशोब असा, एचओला एक औंस अधिक डब्याच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. तुमचा साडेसहा इंच असेल तर सव्वाचार औंस, म्हणजे १२० ग्रॅम. आधी किराणा दुकानाच्या काट्यावर मोजा. ५०-६० भरला तर वळणावर रेकच्या मध्ये असताना ओढला जाऊन पडणारच.
शिसं घ्या, टायरवाल्याकडे बॅलन्सिंगचे जुने तुकडे मिळतात. हातोडीने पातळ करून मधल्या सिलच्या (तळाच्या तुळईच्या) पोकळीत आणि उतरत्या पत्र्याच्या खालून चिकटवा. फेविकॉलने चिकटवू नका! पांढऱ्या डिंकात शिसं हळूहळू फुगतं, काही वर्षांनी डबा फाकतो. अराल्डाइट वापरा. आणि नंतर हात साबणाने धुवा, लगेच खर्रा मळायला बसू नका.

राजूर_फाटक
खर्रा सोडला भाऊ मी. (मार्चमध्ये. पुन्हा एप्रिलमध्ये.)

आठ दिवसांचा हिशोब देतो. पंप रिवाइंडिंगवाल्याने तार फुकट दिली, वरून विचारलं कायचा पंप आहे, म्हटलं रेल्वेचा, तो पाहतच राह्यला. पहिल्या डब्याची १८ हँडल केली. ड्रिल बिट दोन तुटले, एक अजून प्लास्टिकमध्येच आहे, त्यावरच हँडल चिकटवून दिलं. मग एक घोळ झाला. हँडल फेविक्विकने चिकटवले आन लगेच डबा डब्यात, म्हणजे बुटाच्या खोक्यात, झाकण लावून ठेवला की धूळ नको. सकाळी उघडलं तर सगळीकडे पांढरी बुरशी आल्यासारखं. धुक्यातली गाडी झाली.

मूळगाव_वरुड
फेविक्विकची वाफ आहे ती, बंद जागेत बसते. उघड्यावर, पंख्याच्या हवेत सुकवायचं आणि टाचणीच्या टोकावर येईल एवढाच थेंब. रंगाखाली झाकून जाईल, रडू नका.

राजूर_फाटक
रंगाखाली झाकलं. आता कोळसा. खरा कोळसा वापरू का, की काळी वाळू? आमच्या इकडं रस्त्यावर ट्रकमधून सांडलेला ढिगानं पडलेला असते.

वरोऱ्याची_ताई
खराच वापरा, पण एक पहा, आपल्या भागातला कोळसा दुकानातल्या काळ्या रंगासारखा काळा नसतो. उन्हात करडा, किंचित तपकिरी, मधूनच एखादा तुकडा चमकतो. खरा वापरला की हे आपोआप येतं.

पुलगाव_नॅरोगेज
खलबत्त्यात कुटा, फडक्यात बांधून, नाहीतर घरभर. मग आधी मैद्याची चाळणी, मग चहाची गाळणी. गाळणीत वर राहिलेलं वापरायचं, खाली पडलेलं ताईंच्या भुकटीत. १:८७ ला दोन मिमीचा खडा म्हणजे १७ सेंटीमीटरचा दगड, त्याच्यापेक्षा मोठा नको.
डबा पूर्ण कोळशाने भरू नका, वजन वर जाते आणि डबा पडतो. थर्माकोल किंवा पॅकिंगचा फोम आतल्या मापाचा कापा, काळा रंगवा, वरून पातळ फेविकॉल, त्यावर कोळसा, मग पाण्यात पातळ केलेला फेविकॉल आणि भांडे घासायच्या लिक्विडचा एक थेंब, ड्रॉपरने. लिक्विड नसलं तर पाणी कोळशावर मण्यासारखं गोळा होऊन बसते, आत जात नाही. फोमच्या खाली लोखंडी वॉशर चिकटवा आन वरून चुंबक धरला की अख्खा माल उचलून निघते. जाताना भरलेला, येताना रिकामा.
ढीग कसा असावा यावर भांडण होऊ शकते तरी सांगतो. लोडरने भरलेल्या डब्यात तीन-चार उंचवटे दिसतात, बकेट जिथं जिथं पालथी झाली तिथं. सायलोखालून (उंच कोठीखालून) भरलेला असला तर एकसारखा लांब ढीग, वरून जवळपास सपाट. एकाच रेकमध्ये दोन्ही टाकू नका.

वरोऱ्याची_ताई
आणि चुना! कधीकधी भरलेल्या डब्यावर वरून चुन्याचं पाणी मारलेलं असतं, वाटेत कोणी कोळसा काढला तर काळा खड्डा लगेच दिसावा म्हणून. पांढऱ्या रंगाचा जुना टूथब्रश अंगठ्याने उडवा. एका डब्यावर मधोमध काळा खड्डा ठेवा 😉

शकुंतलाप्रेमी
ताई तुम्ही चोरी पण डिटेलमध्ये शिकवून राहिल्या.

राजूर_फाटक
आईचा खलबत्ता वापरला. आई म्हणते आता ठेचा त्यातच खाय. नवीन आणून द्यावा लागला, म्हणजे तारेचे वाचवलेले पैसे तिथं गेले.
पण बाप्पा, डबा असा दिसून राह्यला की मीच दहा वेळा उचलून पाहिला. पाचही अमेरिकन झाले. उतरत्या पत्र्याखालची ती मोकळी जागा आहे न, दोन्ही टोकांना, तिथं ब्रेकचा सिलिंडर, हवेची टाकी आन व्हॉल्व्ह बसवले, रिफिलचे तुकडे आन मण्यांचे. पुलगावभाऊंनी फोनवर सांगितलं की अमेरिकन डब्यात हे सगळं हाताच्या ब्रेकचं चाक असते त्या टोकाला राहते, म्हणून दुसऱ्या टोकातून काढून टाकलं. हॉपरची खरी मजा त्याच जागेत आहे असं मले वाटते, आरपार दिसते आन आतमध्ये पाइप. चाकं पण धातूची टाकली, आवाजच बदलला.
सहाव्याचं मात्र तुमचं ऐकलं नाही. त्याच्या बोग्या काढल्या आन प्लास्टिक शीट कापून आपला बीओबीआरएन केला. लुंगीवाला पहिलवान तर पहिलवान. फाटकावरून काढलेल्या फोटोवरून मापं घेतली, १२३ धरून. आता नंबर लिहायचा आहे.

मूळगाव_वरुड
वा! नियम मोडला ते बरं केलं. नंबर ११ अंकी असतो, पहिले दोन डब्याचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, मग दोन बांधणीचं वर्ष, चार त्या डब्याचे, आणि शेवटचा तपासणीचा. प्रकाराचे दोन आकडे तुमच्या फोटोतूनच घ्या. शेवटचा आकडा मनाने टाकू नका, तो काढता येतो. सम जागेवरचे अंक बेरीज करून तिप्पट, त्यात विषम जागेवरचे मिळवायचे, पुढच्या दहाच्या पटीला किती कमी पडतात तो आकडा. मनातला नंबर घेऊ, २२ ०१ ११ ३४५६. सम जागा २+१+१+४+६ म्हणजे १४, तिप्पट ४२. विषम २+०+१+३+५ म्हणजे ११. एकूण ५३, साठला ७ कमी. शेवटचा ७.
छापायचं कसं तर साधा इंकजेट पांढरी शाई छापत नाही, इथं सगळे अडकतात. पांढऱ्या डिकल पेपरवर (छापून डब्यावर चिकटवायचा कागद) डब्याच्याच रंगाची पार्श्वभूमी छापून अक्षरं कोरी सोडायची. रंग थोडा वेगळा येतो, वरून धूळ मारली की मिसळतो.

राजूर_फाटक
रेडियमवाल्याला विचारलं होतं, नंबर प्लेटवाला. अडीच मिमीचं अक्षर कापताना त्याच्या मशीनने नुसता चिवडा केला. म्हणून डिकलच केलं. नंबर हिशोबाने टाकला, बाकीचं बारीक अक्षर, ओव्हरहॉलिंगची जागा, तारीख आन परत कधी करायचं ती रिटर्न डेट, फोटोत दिसलं तसं. खडूच्या खुणा पांढऱ्या पेन्सिलने.

राजूर_फाटक
काल संध्याकाळी सहावा डबा आमच्या गावातल्या काकांना दाखवायला नेला. काका टीएक्सआर, म्हणजे रेल्वेत डबे तपासणारे, होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. मले वाटलं हँडल पाहतील, गंज पाहतील, ताईंनी शिकवलेला घासलेला पत्रा पाहतील. काकांनी चष्मा लावला, डबा उलटा केला, सुलटा केला, कोपऱ्यातलं बारीक अक्षर वाचलं आन डबा बाजूला ठेवून दिला. म्हणे, "हिची रिटर्न डेट निघून गेली ना बे. गाडी सिक आहे. चालवून कोण राह्यलं हिले?"
फोटो जुना होता माझा. तारीख तशीच छापली गेली.
आता डिकल खरवडू का नवीन तारीख टाकू? आठ दिवसांत कापूस येते.

पुलगाव_नॅरोगेज
खरवडू नका. एक फूट रूळ बाजूला टाका, डबा तिथं उभा करा, खडूने सिक लिहा. सिक लाइन, म्हणजे बिघडलेले डबे उभे करायचा रूळ, तुमच्या लेआउटवर नव्हतीच.

शकुंतलाप्रेमी
आन काकांना तिथं बसवा.